चिंबोरीच्या मागचा माणूस

"यवऱ्या बर्फान तिला नेली, आन मना बोलले सुट्टी नाय मिलली!"

हरिचंद्रनं मोबाईल मशीनच्या पाटावर पालथा घातला. परत उचलला, परत बघितला, परत पालथा घातला.

"कोनाला नेली?" कौसाबाईनं विचारलं. ही त्याची बायको. दुकानाच्या उंबऱ्याशी बसून ती शिवलेल्या जीन्सचे लोंबते धागे कापत होती. तिनं मान काही वर केली नाही.

"चिंबोरीला!"

"मंग बरा झाला. आपल्या घरातला कोनतरी हिमालय बघून आला."

"कौसे, मस्करी करू नको. मी काय बोलतंव ते तुला कल्ला का?"

"कल्ला. तुला सोरला आन तिला नेली." कैची चालूच होती. "दाखव तरी. थंडी वाजते का तिला, बघू."

फोटो आधी पोरीनं बघितला होता. किर्ती, यांची एकुलती, कॉलेजला जाते. "बाबा, आपली चिंबोरी!" असं आनंदानं ओरडत ती दुकानात आली आणि बापाचं तोंड बघून तिथंच थबकली. आता ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसून नखं खात होती.

फोटोत पांढराशुभ्र डोंगर होता. त्याच्या पुढं कुणा भगव्या जाकीटवाल्याची पाठ, आणि पाठीवरच्या पिशवीला लटकलेली चिंबोरी. निळं अंग, लाल नांग्या. अंगात जाकीट, त्याला आठ बाह्या आणि नांग्यांना दोन वेगळ्या टोप्या. ते जाकीट हरिचंद्रनं स्वतःच्या हातानं शिवलं होतं.

ही चिंबोरी म्हणजे ओढ्यातली खरी नव्हे. शहरातले तिला खेकडा म्हणतात. ही कापडाची, जीन्सच्या चिंध्या कोंबून फुगवलेली, मोठ्या भाकरीएवढी. तिची गोष्ट सांगायची तर आधी हरिचंद्रची सांगायला पाहिजे.

हा गडी बारवी धरणाच्या अंगाच्या गावातला. लहानपण ओढ्याच्या दगडाखाली हात घालून चिंबोऱ्या काढण्यात गेलं. बोटं चावून घेतली, पण रिकाम्या हातानं कधी घरी गेला नाही. मिसरूड फुटायच्या आत चुलत्यानं त्याला उल्हासनगरला आणला आणि कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात बसवला. आधी धागे कापले, मग काजं केली, मग मशीनवर बसला. पुढं त्याच गल्लीत स्वतःचा गाळा घेतला. शेठचे पीस शिवायचे आणि मधल्या वेळात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, असा धंदा. शेठशी हिंदी, गिऱ्हाइकाशी जमेल ते, आणि घरात आपली बोली. कुणी बोलीवरनं हसलं तर हा म्हणायचा, "हास. तुझ्या आजीला जाऊन विचार, ती कशी बोलायची."

एका शनिवारी बदलापूरचा उन्मेष दुकानात आला. आनंदनगरच्या एका कारखान्यात अधिकारी माणूस. त्याच्या पाठपिशवीचा पट्टा तुटला होता आणि उद्या सकाळी चंदेरीचा डोंगर चढायचा होता. हरिचंद्रनं पट्टा ओढून बघितला.

"चंदेरीला? कनच्या वाटेनी?"

उन्मेषनं सांगितलं.

"ती वाट नको. रानान गुंतशाल. माझा आजोल तिकरंच, वांगणीच्या पुढं. मी येव का?"

"या की," उन्मेष म्हणाला. म्हणायचं म्हणून म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी वांगणीला हरिचंद्र त्यांच्या आधी येऊन उभा. पायात चपला, अंगात स्वतः शिवलेली जीन्स, फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. उन्मेषची बायको राजसी आणि मित्र अवधूत एकमेकांकडं बघत राहिले. दुपारी सुकट सगळ्यांत जास्त राजसीनंच खाल्ली. तेव्हापासून हरिचंद्र त्यांच्यातला झाला. निदान त्याला तसं वाटलं.

दोन-तीन डोंगर झाल्यावर एकदा उतरताना अवधूतचा पाय मुरगळला आणि तो मागंच राहिला. पुढच्यांना पत्ता नाही. सगळे खाली चहा प्यायले, गप्पा हाणल्या, मग कुणीतरी विचारलं, अवधूत कुठाय? हरिचंद्र उलटा वर गेला तर हा पठ्ठ्या कातळाला टेकून रडकुंडीला आलेला. त्याला खांद्यावर घेऊन खाली आणला आणि सगळ्यांना झाडला.

"मागं बघायची रीत नाय का तुमच्यान? आमच्या बाया लाकरांना जातात ना रानान, तर शेवटची बाय मोलीला लाल चिंधी बांधते. पुढचीनी मान वलवली, लाल दिसला, का समजायचा सगल्या हायेत. तुमी यवरी शिकलेली मानसा!"

त्याच आठवड्यात त्यानं चिंबोरी शिवली. अंग जीन्सचं, पाय कमरेचा पट्टा ओवायच्या लुप्यांचे, डोळ्यांना पितळी बटणं. नांग्या अस्तराच्या लाल कापडाच्या, लांबनं दिसाव्या म्हणून. नांग्यांना टिचबटणं लावली, म्हणजे पिशवीच्या पट्ट्याला घट्ट धरून बसेल. आणि कायदा सांगितला: जो शेवटी चालणार, चिंबोरी त्याच्या पाठीवर. चिंबोरीच्या मागं कुणी राहायचं नाही.

शेवटी चालायचं कुणाला आवडत नाही. पुढच्यांची धूळ खावी लागते, दमलेल्याच्या गतीनं पाय टाकावा लागतो, वर पोचेपर्यंत बाकीच्यांचे फोटो काढून झालेले असतात. तेव्हा ते काम आपोआप हरिचंद्रकडं आलं, आणि त्यानं ते पाटीलकी मिळाल्यासारखं मिरवलं. एरवी चिंबोरी दुकानात खिळ्याला असायची. गिऱ्हाइकानं विचारलं की हा मशीन थांबवून सगळी कथा सांगणार, आणि गिऱ्हाईक पँट तशीच टाकून कधी पळतो असं बघणार.

राजसी चिंबोरीचे फोटो काढायची. राजमाचीवर चिंबोरी, रतनगडावर चिंबोरी, कळसूबाईच्या शिडीवर चिंबोरी. इन्स्टावर तिनं चिंबोरीच्या नावानं पान काढलं आणि लोक त्या खेकड्याला लेकरासारखं विचारायला लागले. पुढं कुठं जाणार? पाय दुखतात का? एकदा किर्तीनं सगळं पान खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बापाला म्हणाली, "बाबा, तुमची पाठ सगळीकडे आहे. थोबडा एकपण नाही."

"चिंबोरी पाठीला असते, मंग पाठच येल ना! थोबाड घेऊन काय करायचा लोकांना?"

हे सगळं खरं, पण हरिचंद्र काही देवमाणूस नव्हता. तंबाखू खाऊन गडाच्या पायऱ्यांवर थुंकायचा. त्यावरनं राजसीनं त्याला चारचौघांत सुनावलं होतं. झोपला की असा घोरायचा की तंबूतले बाकीचे उठून बाहेर बसायचे. एक गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना ती पहिल्यांदाच सांगतोय असा आव आणायचा. आणि दुसऱ्याच्या पिशवीतला खाऊ न विचारता काढायचा, आपला त्यांना द्यायचा, हिशेब मिटला म्हणायचा.

कळसूबाईवरच उन्मेष त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलला होता, "हरिभाऊ, आता हिमालय. तुम्ही आणि चिंबोरी पाहिजेच. तुमच्याशिवाय शेवटी कोण चालणार?"

डोंगरमाथ्यावर वारा डोक्यात शिरलेला असतो, माणूस काहीही बोलतो. पण हरिचंद्रनं तो शब्द सोयरिकीच्या सुपारीसारखा धरला. तंबाखू सोडली. जन्मात पहिल्यांदा बूट घेतले, आणि ते पायाला बसावेत म्हणून मशीनवर बूट घालून बसायला लागला. पहाटे पाठीवर जीन्सचा गठ्ठा बांधून मलंगगडाच्या रस्त्यानं चालून यायचा. गल्लीतली पोरं ओरडायची, "हरिमामा, बॉर्डरवर चालले काय?" शेठकडं लग्नसराईतली सुट्टी मागितली तेव्हा शेठ म्हणाला, "अडे हरी, वहाँ क्या है? ठंडा ही चाहिए तो मेरे केबिन में आके बैठ, एसी है." तरी दिली सुट्टी.

मग दिवाळीनंतर उन्मेषचा फोन आला. कंपनीत काम निघालंय, रजा नामंजूर, यंदा कुणीच जात नाही. पुढच्या वर्षी नक्की.

हरिचंद्र दोन दिवस धुसफुसला. मग स्वतःच म्हणाला, "नोकरीवाला मानूस, त्याच्या हातान काय हाय?" आणि बूट माळ्यावर टाकले.

त्याच आठवड्यात राजसी दुकानात आली. चिंबोरीला थंडीचं जाकीट शिवायचं होतं. पुढच्या वर्षी लागणारच आहे, आता शिवून ठेवू, लोकांना फोटो दाखवू, म्हणाली. हरिचंद्र खूश झाला. आठ पायांचं माप घ्यायला त्यानं सुतळी वापरली, आत कापसाची गादी घातली, बाह्या एकेक करून हातानं जोडल्या. शेठचे पीस पडून राहिले. जाकीट घालून चिंबोरी तयार झाली तेव्हा राजसी तिला फोटोसाठी घरी घेऊन गेली. चिंबोरी त्याच्याशिवाय पहिल्यांदाच दुकानाबाहेर गेली. हा कौसाबाईला म्हणाला, "पोर सासरी चालल्यावानी वाटते."

"मंग पाठवनी कर, रर थोरासा," ती म्हणाली.

आणि आता हा फोटो.

"मी कमेंट टाकू?" किर्तीनं विचारलं.

"काय टाकशील?"

"की ही माझ्या बाबांनी बनवली आहे."

"त्यांना म्हायती नाय का?"

"त्यांना आहे. बाकीच्यांना कुठे आहे?" असं म्हणून तिनं टाकलीसुद्धा. थोड्या वेळानं राजसीनं त्या कमेंटला लाल बदाम दिला. खाली दुसऱ्या कुणी विचारलं होतं, इतकं भारी जाकीट कुठून घेतलं? त्याला मात्र राजसीनं उत्तर लिहिलं होतं. किर्तीनं ते वाचून दाखवलं नाही, पण हरिचंद्रनं मोबाईल ओढून घेतला आणि अक्षरं लावत वाचलं. "आमच्या टेलरकडून शिवून घेतलं."

त्यानं बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघत होता. मग कौसाबाईकडं वळवला.

"ह्या बघ."

"काय बघू? बर्फच हाय."

"त्या भगव्याच्या मागं, वाटेच्या खालच्या वलनाला बघ. अजून दोन मानसा चालतात. चिंबोरीच्या मागं दोन मानसा हायेत, कौसे! कायदाच मोरला. मंग तिला नेली कनाला? शो करायला?"

यावर मात्र कौसाबाईनं मोबाईल हातात घेऊन नीट बघितला.

त्यांचा एक व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, चौघांचा. त्यावर महिनाभर कुणी काही लिहिलं नव्हतं. हरिचंद्रनं मोबाईलच्या माईकवर बोलून मराठीत एक ओळ टाकली: "बर्फ कसा आहे?" दोन टिकल्या निळ्या झाल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी शेठच्या ऑफिसात पीस द्यायला गेला तर शेठनंही फोटो बघितलेला. "अडे हरी, तेरा केकडा बर्फ में घूम रहा है, और तू इधर बैठा है?" सगळे कारागीर हसले. हरिचंद्रही हसला. परत येताना टपरीवर थांबून तंबाखूची पुडी घेतली.

ते परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी उन्मेष आणि राजसी दुकानात आले. नाकाची कातडी सोललेली, तोंडं उन्हानं रापलेली. राजसीनं अक्रोडाची पिशवी पाटावर ठेवली. उन्मेषनं दुसऱ्या पिशवीतनं चिंबोरी काढली. डावी नांगी उसवून लोंबत होती, आतल्या चिंध्या बाहेर आल्या होत्या. जाकिटाची एक बाही जळली होती.

"कसे आहात, हरिभाऊ?" उन्मेष म्हणाला.

"बरा हाव, साहेब."

उन्मेषला पहिल्या दिवसानंतर त्यानं साहेब म्हटलं नव्हतं. उन्मेषनं स्टूल ओढलं, पण बसला नाही.

"आधी माझं ऐकून घ्या. आम्ही जाणारच नव्हतो. अवधूतच्या ऑफिसचा ग्रुप होता, ऐन वेळी दोन जागा निघाल्या..."

"जाकीट शिवला तवा ऐन वेल झाली व्हती का?"

उन्मेषनं बायकोकडं बघितलं. राजसी तोंडावर बोलणारी बाई. ती म्हणाली, "तुम्हाला न्यायला मीच नको म्हटलं, हरिभाऊ. यांना नका बोलू. सगळे आयटीतले लोक, आपसांत इंग्रजी बोलणारे. तुम्ही शेवटी चालणार, सगळ्यांचं सामान उचलणार, तुमची ती सवयच आहे. त्यांनी तुम्हाला आमचा हमाल समजलं असतं. मला ते बघवलं नसतं."

"समजू दे ना!" हरिचंद्र म्हणाला. "मी सांगितला असता, हमाल नाय, चिंबोरीचा बाप हाव. हासले असते, झाला असता. त्यांची मना कालजी नाय, मॅडम. तुमी काय समजता, त्या बोला."

गल्लीत कुणाचा तरी टेम्पो रिव्हर्स घेत होता. त्याची शिट्टी वाजत राहिली. राजसी पाटावरची अक्रोडाची पिशवी सरळ करत राहिली.

"तुमी मना सांगितला असता, का हरिभाऊ, तुमाला नाय नेत, तिला द्या," हरिचंद्र पुढं म्हणाला, "तर मी शिव्या दिल्या असत्या. दोन दिवस दिल्या असत्या. पन चिंबोरी दिली असती. जाकीटपन शिवला असता. तुमी माझ्याच हातानी तिला तयार करून घेतलीत, आन मना बोलले कोनी जात नाय."

"चुकलं," उन्मेष म्हणाला. "खरंच चुकलं. पुढच्या वर्षी आपण..."

"फोनवरपन पुढच्या वर्षीच बोललेलात."

राजसीनं बोलणं दुसरीकडं वळवलं. बदलापुरात येत्या रविवारी कार्यक्रम होता. हिमालयाचे फोटो पडद्यावर दाखवणार होते, शाळेची पोरं चिंबोरीला बघायला येणार होती. तोवर नांगी नीट झाली पाहिजे. "आणि तुम्ही यायचंच. स्टेजवर बोलवून सगळ्यांना सांगणार आहोत की हिला कुणी जन्माला घातलं. वहिनींना, किर्तीला, सगळ्यांना घेऊन या."

आत गठ्ठ्यामागं बसलेली किर्ती बापाकडं बघत होती. तिला वाटलं, आता बाप चिंबोरी उचलून आत टाकणार आणि यांना हाकलणार. कौसाबाईलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं कैची खाली ठेवली.

हरिचंद्रनं चिंबोरी हातात घेतली. उलटी केली, नांगीच्या फाटलेल्या कडेवर अंगठा फिरवला, जळकी बाही चिमटीत धरून बघितली. कुणाच्याही पँटीची शिवण बघतो तशीच बघितली.

"नांगी होल. बाही नवीन लावायला लागल, जोरलेला दिसल. चालल?"

"चालेल की," राजसी घाईनं म्हणाली. तिच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसलं.

हरिचंद्रनं पावतीपुस्तक ओढलं आणि कानावरचं पेन काढलं. "नाव?"

"काय?"

"नाव काय लिवू?"

उन्मेष हसायला गेला. समोरचा माणूस हसत नाही हे कळायला त्याला वेळ लागला. "हरिभाऊ, इतकी वर्षं झाली..."

"गिऱ्हाईक लई हायेत, साहेब. चिठ्ठी नसली का माल बदली होतो."

राजसीनं नाव सांगितलं. हळू आवाजात, पहिल्यांदाच दुकानात आलेल्या बाईसारखं. हरिचंद्रनं ते लिहिलं, अर्धी चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली, अर्धी टाचणीनं चिंबोरीच्या जाकिटाला लावली. मग उठून चिंबोरी दांडीला अडकवली. एका बाजूला कुणाची तरी शाळेची पँट, दुसऱ्या बाजूला अस्तर लावायला आलेला ब्लाऊज.

"शुक्रवारी संध्याकाली न्या."

"आणि रविवारी येताय ना?" उन्मेषनं पायरीवरनं विचारलं.

"रविवारी दुकान चालू हाय."

दोघं गेले. गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत राजसीच्या हातात ती चिठ्ठी तशीच होती, पर्समध्ये टाकली नव्हती. किर्ती बाहेर आली. "बाबा, देऊन कशाला टाकता? ती आपली आहे."

"आपली व्हती," हरिचंद्र म्हणाला. "लोकांना दाखवायची त्यांना हौस हाय, दाखवू दे. मना खिल्ल्याला लटकवून रोज बघायची नाय."

कौसाबाईनं अक्रोडाची पिशवी उघडून आत नाक घातलं. "चांगली हायेत. फोरू का?"

"फोर. पोरीला दे."

"आन तुला?"

"मना दातान अडकतात."

त्यानं पुढची पँट ओढली. एका रिक्षावाल्याची होती, चेन गंजून मधेच अडकलेली. उजेडाकडं धरून त्यानं जुन्या चेनची शिवण ब्लेडनं उसवायला घेतली. धागा जाड होता, वर धुऊन धुऊन कापडात रुतून बसलेला. तो एकेक टाका उचलत गेला.